‘बाबा, मग आदल्या रविवारी का नाचलास?’

पत्र असं आहे :

‘ताई, मी विक्रोळीला राहतो. वय 39. शाळेत असताना 1999 साली मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबने एकाच हंगामात तीन कप जिंकले, तेव्हापासून मी त्यांचा. मुलगी अकरा वर्षांची आहे. माझ्या मांडीवर बसून मॅच बघत ती मोठी झाली आणि आता स्वतः खेळते, दर रविवारी सकाळी कोचिंगला जाते. गेल्या महिन्यात तिची टीम लागोपाठ तीन मॅच हरली. परत येताना रिक्षात मी म्हणालो, या कोचला काही येत नाही, याला बदलायला हवा. त्यावर ती म्हणाली, “तू टेन हागला पण असंच म्हणाला होतास. बाबा, मग आदल्या रविवारी का नाचलास?” टेन हाग म्हणजे युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर, तिकडे कोचलाच मॅनेजर म्हणतात. मी हसून विषय उडवून लावला. पण तेव्हापासून ती माझ्याबरोबर मॅचला बसत नाही, अभ्यास आहे म्हणते. बायको म्हणते, पोरगी बरोबर बोलली. ऑफिसात तर मला पलटूच म्हणतात, कारण मॉयेसपासून प्रत्येक मॅनेजरला मी आधी डोक्यावर घेतलं आणि नंतर हाकला म्हणालो. ताई, फॅनने मत बदलूच नये का? आणि पोरीला काय सांगू? खेळात तिला गती आहे. परवाच्या मॅचमध्ये डाव्या पायाने असा पास दिला की बघत राहिलो. म्हणून काळजी वाटते. – विक्रोळीचा एक बाप’

विक्रोळीच्या बाबांना नमस्कार.

तुमच्या मुलीचा हिशेब मी तारखा लावून पाहिला. 26 फेब्रुवारी 2023, रविवार, आपल्याकडचे रात्रीचे दहा. लीग कपची फायनल, न्यूकॅसलवर 2-0. सहा वर्षांनी युनायटेडच्या हातात कप आला होता, तुम्ही नाचलात, नाचायलाच हवं होतं. मधल्या बुधवारी एफए कप या दुसऱ्या स्पर्धेत वेस्ट हॅमला 3-1 हरवलं. मग 5 मार्च, पुन्हा रविवार, पुन्हा रात्रीचे दहा, अ‍ॅनफिल्ड. लिव्हरपूलचं घरचं मैदान. हाफटाइमला लिव्हरपूल फक्त एका गोलने पुढे होतं. मॅच संपली तेव्हा 7-0.

दोन्ही रविवारी मॅनेजर तोच होता, खेळाडूही बरेचसे तेच. मधले दिवस सात. त्या सात दिवसांत तुम्हाला त्या माणसाबद्दल असं काय नवीन कळलं, एवढंच तुमची मुलगी विचारत होती. आठ वर्षांची असताना तिने जे पाहिलं ते तिने तीन वर्षं मनात ठेवलं, आणि तिच्या स्वतःच्या कोचवर वेळ आली तेव्हा बाहेर काढलं. हा उद्धटपणा नाही. तिला तिच्या कोचची बाजू घ्यायची होती आणि तिच्याकडे एवढा एकच पुरावा होता.

आता तुमचा पहिला प्रश्न. मत बदलावं का? जरूर बदलावं. तुमच्याच क्लबचं उदाहरण घ्या. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये मॅनेजर म्हणून आले. डिसेंबर 1989 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानाच्या, स्टँडमध्ये एका फॅनने चादरीवर लिहून आणलं होतं : तीन वर्षं नुसत्या सबबी, खेळ तसाच भिकार, टाटा फर्गी. तो माणूस मूर्ख नव्हता. आदल्या हंगामात टीम अकरावी आली होती आणि त्या हंगामात तेराव्या नंबरावर राहिली. समोर जे दिसत होतं त्यावरून त्याने मत बनवलं होतं. त्यानंतर जानेवारी 1990 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा एक गोल झाला, मे महिन्यात एफए कप आला, 1993 मध्ये 26 वर्षांनी लीग आली, आणि 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत फर्ग्युसन यांच्या नावावर तेरा लीग जमा झाल्या होत्या. 1989 चं मत कोणी 1999 मध्येही धरून बसला असता, तर त्याला आपण निष्ठावान म्हटलं असतं का? हट्टी म्हटलं असतं.

मला खटकतं ते निराळंच. 1993 नंतर तुम्ही कुठल्याही युनायटेडवाल्याला विचारलं असतंत, तर ‘माझा पहिल्यापासून विश्वास होता’ हेच उत्तर मिळालं असतं. आपल्याकडेही बघा. वडाच्या झाडाखाली, ट्रेनच्या दारात, ऑफिसच्या पँट्रीत, मॅनेजर गेला की ‘मी म्हणालोच होतो’, आणि मॅनेजर जिंकला की पुन्हा ‘मी म्हणालोच होतो’. मत बदललं याचं मुलीला काही वाटलं नसणार. तुम्ही आदल्या रविवारचा नाच विसरून गेल्यासारखं वागलात, आणि तिने आठवण करून दिल्यावर हसून उडवून लावलंत, ते तिला लागलं. मुलांना आपलं चुकणं चालतं. आपण साक्ष फिरवतो, ते त्यांना चालत नाही.

हे मी उंच जागी बसून सांगत नाही. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आपली मुंबई सिटी ही टीम इंडियन सुपर लीगमध्ये गोव्याच्या टीमकडून गोव्यात 5-0 हरली. पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा तेव्हा नुकतेच कोच म्हणून आले होते. 2004 मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा जिंकलेल्या पोर्तो संघाचे ते कॅप्टन. मी अंधेरीला मॅचला जायचे, आणि पुढच्या मॅचला माझ्या आजूबाजूच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणत होते, खेळाडू म्हणून मोठा असेल, कोच म्हणून याला पाठवा परत. मग तीच टीम आठवड्यांमागून आठवडे हरेना. लीगमध्ये तिसरी आली. मी टाळ्या वाजवायला लागले, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या कॉलेजच्या पोराला सांगायला लागले की बचाव कसा बांधलाय बघ या माणसाने. मार्च 2019 मध्ये सेमीफायनलला पुन्हा गोवा, या वेळी आपल्याच अंधेरीत, 5-1. त्या रात्री मी पुन्हा पहिल्याच सुरात बोलले. शेजारचा पोरगा काही म्हणाला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं, पाण्याची बाटली उचलली आणि निघून गेला. परतीच्या सामन्यात मुंबईने गोव्यात जाऊन 1-0 ने जिंकून दाखवलं, पण दोन्ही सामन्यांच्या गोलांची बेरीज धरतात, तोपर्यंत सगळं हातचं गेलं होतं.

गोव्याचे कोच होते सर्जिओ लोबेरा. त्या दोन मॅचमुळे मला त्यांचं नावही नकोसं झालं होतं. 2020 मध्ये तेच लोबेरा मुंबईचे कोच झाले, आणि त्या एका हंगामात लीगमध्ये पहिलं येण्याची शील्डही आली आणि फायनल जिंकून कपही आला. मार्च 2021 ची ती फायनल मी घरी टीव्हीवर पाहिली, कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. मोहन बागानविरुद्ध शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल झाला तेव्हा मी लोबेरांच्या नावाने ओरडले. ते मत मी मनापासून बदललं होतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज कोस्टांच्या बाबतीत वाटते. ऑगस्ट 2025 मध्ये ते गेले. वय फक्त 53. ती बातमी वाचली तेव्हा मला त्यांचा एकही डावपेच आठवेना. मला माझाच आवाज आठवला. दोन हंगाम मी त्यांच्या टीमच्या मॅच पाहिल्या, पण त्यांना कधी पाहिलंच नाही, स्कोअर पाहिला.

तुमचंही तेच होतंय असं मला पत्रावरून वाटतं. मॉयेसपासूनची यादी तुम्हीच दिली आहे. निरोपाच्या भाषणात फर्ग्युसननी मैदानात उभं राहून सांगितलं होतं की आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम. त्यांच्या जागी आलेल्या मॉयेसना सहा वर्षांचा करार दिला होता. दहा महिन्यांत ओल्ड ट्रॅफर्डवरून त्यांना जा सांगणारा बॅनर लावलेलं विमान गेलं आणि पुढच्याच महिन्यात ते गेले. व्हान हाल एफए कप जिंकले आणि दोन दिवसांत गेले. सोल्शायर आले तेव्हा पहिले आठही सामने जिंकले, तेव्हा तुम्ही त्यांच्या नावाची गाणी म्हटली असणार. टेन हाग मे 2024 मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकले, जुलैमध्ये त्यांचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये काढलं. म्हणजे पलटू एकटे तुम्ही नाही, क्लबच पलटतोय. ज्यांच्या हाती सह्यांचा अधिकार आहे, तेच चार महिन्यांत मत बदलत असतील, तर विक्रोळीत बसलेल्या माणसाला ऑफिसवाल्यांनी एवढं छळू नये. हे त्यांना वाचून दाखवा.

पण एक गोष्ट शांतपणे ऐका. मॅनेजर बदलला की टीम सुधारते, हे आपण सगळे धरून चालतो, कारण तसं डोळ्यांनी दिसतं. नेदरलँड्सच्या लीगमधल्या 1986 ते 2004 या काळाचा बास तेर वील या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. सलग हरणाऱ्या काही क्लबांनी मॅनेजर काढला होता, आणि तितक्याच वाईट अवस्थेतल्या काहींनी ठेवला होता. सुधारणा दोन्हीकडे साधारण सारखीच झाली. याचं कारण आपल्या घरातलंच आहे. ताप चढत जातो, तिसऱ्या दिवशी आपण घाबरून डॉक्टर बदलतो, चौथ्या दिवशी ताप उतरतो, आणि नव्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं आपण शेजारणीला सांगतो. ताप उतरायलाच आला होता. मॅनेजरला आपण नेमका तळ गाठल्यावर काढतो, आणि तळातून बहुतेक टीम वरच येते.

म्हणून सगळ्यांनाच ठेवावं असं मी म्हणत नाही. काहींना जायलाच हवं असतं. ड्रेसिंग रूम हातातून सुटलेली असते, तीच चूक पंधराव्यांदा होत असते, तरुण पोरं बाकावर कुजत असतात. ते दिसलं तर जरूर म्हणा, जा. पण ते दिसायला हवं. सातवा गोल खाल्ला म्हणून ते दिसलं असं होत नाही.

दिसावं म्हणून काय करायचं, ते सांगते. मी गेली काही वर्षं करते आहे. तुमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय असेलच. दुधाचे लिटर आणि गॅसची तारीख लिहिता त्याच चौकोनात, मॅचच्या तारखेला, हाफटाइमला दोन ओळी लिहा. हाफटाइमलाच, कारण शेवटचा स्कोअर कळला की डोळे त्याच्या मागे धावतात आणि पहिला हाफ आपण पुन्हा मनातल्या मनात रंगवतो. ‘आज डावीकडून कोणी पुढे जातच नाही.’ ‘बॉल गेला की सगळे लगेच मागे पळतात, चांगलं.’ एवढंच. जिंकलो-हरलो लिहायचं नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. महिनाअखेरीस पान उलटण्याआधी ते वाचा. कधी असं दिसेल की जिंकत होतात त्या चारही आठवड्यांत तुम्ही तीच तक्रार लिहिली होती. कधी असं दिसेल की 0-2 च्या पराभवात तुम्हाला पहिल्या हाफमध्ये आवडण्यासारखं बरंच होतं. मग मत बदला किंवा ठेवा, ते तुमचं असेल. आणि पोरीने विचारलं की बाबा, आदल्या रविवारी काय म्हणाला होतास, तर तुमच्याच अक्षरातलं उत्तर भिंतीवर असेल.

एक आणखी. मत एकच असायला हवं असंही नाही. टॉटनहॅम क्लबचे मॅनेजर पोस्टेकोग्लू 2024-25 मध्ये लीगमध्ये सतराव्या नंबरावर राहिले, आणि त्याच हंगामात युरोपा लीग जिंकले. तीही तुम्हालाच फायनलमध्ये हरवून, ती रात्र तुम्ही विसरला नसणार. पंधरवडा-तीन आठवड्यांत त्यांना काढलं. त्यांच्या फॅनला विचारा, चांगले होते की वाईट? सतरा वर्षांनी कप दिला म्हणून जन्मभर उपकार मानेन, आणि लीगमध्ये त्या हंगामात रडवलं हेही सांगेन, असं जो म्हणेल त्याचं मी खरं मानेन. आपल्याला माणसाबद्दल दोन वाक्यं एकत्र बोलायची सवय नाही. पोरीला ती लावता आली तर बघा.

आता खरा मुद्दा, तुमच्या मुलीचा कोच. टेन हागना तुमचा शब्द ऐकू जात नाही. तुमच्या मुलीच्या कोचला जातो, आणि त्याआधी तो तुमच्या मुलीला जातो. रविवारी सकाळी मी मैदानावर जाते तेव्हा एक गोष्ट नेहमी बघते. बॉल पायाशी आला की काही मुली मान वर करून टीममधली कोण मोकळी आहे ते बघतात. काही मुली आधी रेषेबाहेर बघतात, जिथे आईवडील उभे असतात, आणि मग बॉलकडे. तेवढ्या अर्ध्या सेकंदात बॉल जातो. मग बाबा ओरडतात, ‘लक्ष कुठे आहे?’ लक्ष बाबांकडे होतं. तुमची मुलगी कुठे बघते, हे येत्या रविवारी नीट पाहा.

अकरा वर्षांच्या मुलांचे तीन सामने हरणं म्हणजे काय, तर काहीच नाही. त्या वयात कोचने जिंकायचं ठरवलं तर ते सोपं असतं. अंगाने मोठी असलेली दोन मुलं पुढे उभी करायची, बाकीच्यांना लांब किक मारायला सांगायची, आणि ज्यांना येत नाही त्यांना बाकावर बसवायचं. सामने जिंकता येतात, आणि चौदाव्या वर्षी कोणालाच बॉल थांबवता येत नाही. जो कोच सगळ्यांना खेळवतो, मागून पास देत बाहेर यायला लावतो, तो सुरुवातीला हरतो. मुलीला विचारा, तिची टीम कशामुळे हरली. लांब किक मारून हरली, की मागून पास देताना चुकून हरली? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिला गोष्ट सांगायची असेल तर आपल्याकडची सांगा. माझे वडील मला कूपरेजला न्यायचे तेव्हा हैदराबाद सिटी पोलिसांबद्दल सांगायचे. 1950 ते 1954 अशी पाच वर्षं लागोपाठ त्या टीमने मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. कोच होते सय्यद अब्दुल रहीम. भारताचेही कोच तेच. 1951 च्या एशियाडमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकून दिलं, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून भारत 10-1 हरला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळायचे, तिथल्या थंडीत. दहा गोल म्हणजे अ‍ॅनफिल्डहून तीन जास्त. त्याच रहीम साहेबांच्या हाताखाली 1956 मध्ये भारत मेलबर्न ऑलिंपिकला चौथा आला, आणि 1962 मध्ये जकार्तात पुन्हा एशियाडचं सुवर्ण जिंकला. तेव्हा त्यांना कॅन्सर होता, पुढच्या वर्षी ते गेले. हेलसिंकीच्या त्या एका स्कोअरवरून त्यांना कायमचं घरी बसवलं असतं तर जकार्ता झालंच नसतं.

आणि तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य. तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. डाव्या पायाने पास दिला, बघत राहिलो. तुमची मुलगी उजव्या पायाची असणार, नाहीतर तुम्ही त्याचं एवढं कौतुक लिहिलं नसतं. उजव्या पायाच्या अकरा वर्षांच्या पोरीचा डावा पाय आपोआप चालू लागत नाही. कोणीतरी आठवड्यामागून आठवडे तिला भिंतीसमोर उभं करून डाव्यानेच मार म्हटलेलं असतं. तो पास चुकतो तेव्हा न ओरडता पुन्हा मार म्हटलेलं असतं. घरी तुम्ही शिकवला नसेल तर कोणी शिकवला?

तिला आज रात्री हेच विचारा. कोचबद्दल बोलायला असंच सुरू करा, माफीपासून नको. माफी नंतर मागा, आणि नेमकी मागा : त्या दोन रविवारी मी कप बघून हुरळलो आणि सात गोल बघून भडकलो, टेन हागचं काम मी दोन्ही वेळा पाहिलं नव्हतं, आणि तुझ्या कोचचंही पाहिलं नाही. एवढं म्हणून थांबा. ‘पण’ लावू नका, तिला समजावायला जाऊ नका. ती लगेच मॅचला बसेल असं नाही. अभ्यास आहे असंच म्हणेल काही आठवडे. म्हणू दे. तुम्ही टीव्ही थोडा हळू आवाजात लावा आणि हाफटाइमला कालनिर्णयवर लिहायला उठा. स्वयंपाकघरात पाणी प्यायला ती येतेच ना.

आणि रविवारी मैदानावर, सराव संपल्यावर, बाकीचे पालक निघून गेले की कोचला भेटा. टीम का हरतेय हे विचारू नका. डाव्या पायाचा सराव घरी किती वेळ आणि कसा करून घ्यायचा, ते विचारा. विक्रोळीच्या तुमच्या बिल्डिंगला मागची भिंत असेलच.

– ताई